झाकणातली माती

रविवार, मे महिन्याची अखेर

आबा,

सकाळी नळाला पाणी आलं ते भरून ठेवलं. दोन चादरी धुतल्या. कुकर लावला, एकटीपुरता. आई मामाकडे गावी गेली आहे, तिचा फोन आला; तिकडे ऊन फार आहे म्हणाली. काल मुलुंडहून आणलेली माती कालच कालवून तुमच्या डब्याच्या झाकणात भरली होती, ती गॅलरीच्या ग्रिलवर ऊन सरकेल तशी सरकवत राहिले. आज एवढंच केलं. आणि आता हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी कधी साधं पोस्टकार्डसुद्धा तुम्हाला लिहिलेलं नाही. आपण बापलेक एकाच घरात राहत होतो, लिहायचं कशाला.

झाकणाचं तुम्हाला काय सांगायचं, ते तुमचंच. नव्या जागेवर गेलात की दुपारी डबा संपवायचा, झाकण धुवायचं, जागेवरची माती कालवून त्यात काठोकाठ भरायची आणि उन्हात ठेवायची. मुरूम असेल तर झाकण भरलेलंच राहतं. खाडीकडची काळी चिकण माती असेल तर ती वाळताना आकसते, काठापासून सुटते. त्या फटीत तुम्ही आधी काडेपेटीची काडी घालून बघायचा, मग कानामागची पेन्सिल. "काडी गेली तर सांभाळून राहायचं. पेन्सिल गेली तर तिला उकरून फेकायचीच. उन्हात एवढी आकसती म्हणजे पाण्यात तेवढीच फुगणार, माय. वर काँक्रीट टाका नाही तर लोखंड टाका, उचलून देती." गावाकडच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. तुमच्या आजोबांच्या घराची भिंत दर उन्हाळ्यात तडकायची आणि दर पावसाळ्यात मिटायची, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल. पुढे डिप्लोमाला हीच परीक्षा आम्हाला लॅबमध्ये शिकवली, पितळी साच्यात माती भरून, पट्टीने मोजून. त्या प्रॅक्टिकलला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. घरी आल्यावर मी तुम्हाला मार्क सांगितले, पण परीक्षा तुमच्या झाकणाची होती हे सांगितलं नाही. तेव्हा ते सांगायला मला कमीपणा वाटला.

डिप्लोमानंतर मी ज्या बांधकाम कंपनीत लागले, तिच्या साहेबांनी मला एकटीला पाठवलं अशी पहिली साइट म्हणजे मुलुंडची पिठाची गिरणी. जुना पत्र्याचा गाळा, गिरणीच्या शेठला आत काँक्रीटची जमीन हवी होती आणि तिच्यावर दोन नव्या चक्क्या बसवायच्या होत्या. साहेबांचा नेहमीचा मुकादम भांडून निघून गेला होता. मीच म्हटलं, एक माणूस आहे, काँक्रीटचं काम चांगलं करतो. साहेबांनी विचारलं, "कुठला?" मी म्हटलं, "आमच्या वस्तीतला." ते खोटं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी तुम्हाला सांगितलं की काम आहे, पण तिथे ओळख दाखवायची नाही, साहेबांना वाटेल घरच्यांना काम देते. तुम्ही चहाची बशी खाली ठेवली आणि हसलात. "बरं मॅडम." आईसुद्धा हसली. "आता घरात पण मॅडमच म्हणा, म्हणजे सवय होईल." मीही हसले. पण साहेबांची भीती हे अर्धंच कारण होतं. तुमच्या हातांना सिमेंटने भेगा पडल्या होत्या, पँट घोट्याच्या वर दुमडलेली असायची, आणि तुम्ही "काय करायलीस" असं गावासारखं बोलायचा. आपलं आडनाव एकच, ते कुणी जोडून बघू नये म्हणून मी हजेरीच्या वहीत तुमचं नाव लिहिलंच नाही. नुसतं "मुकादम" लिहिलं. तुम्हाला वाचता येत होतं. त्या शब्दापुढे तुम्ही रोज सही करत होता.

कामाच्या दुसऱ्या दिवशी साहेब आणि शेठ बघायला आले. झाकण गिरणीच्या पायरीवर वाळत होतं. साहेब म्हणाले, "हे काय मुकादम, आज डब्यात माती?" शेठ पोट धरून हसले. "आमच्या गिरणीचं पीठ न्या ना, माती कशाला खाता!" तुम्हीही हसलात, मग माझ्याकडे वळलात. कानामागची पेन्सिल काढून फटीत घातली, ती उभी राहिली. "मॅडम, ही फुगणार. कमरेइतकी काढावी लागंल. मुरूम भरू, थराथरानं पाणी मारून धुम्मसानं ठोकून घट्ट करू. आठ दिवस जास्तीचे द्या." गल्ली अरुंद होती, ट्रक आत येत नव्हता, सगळी माती टोपल्यांनी बाहेर न्यावी लागणार होती. पाऊस तोंडावर आलेला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं तुमचं बरोबर आहे. मला पट्टीने मोजून माहीत होतं. मी म्हटलं, "मुकादम, तुमचं काम काँक्रीट टाकायचं. माती बघायला आम्ही आहोत." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी ते झाकण उचललं आणि बाजूच्या डेब्रिजवर फेकलं. एक वीतभर माती काढून वर मुरूम टाकायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "व्हय मॅडम." साहेब जाताना मला म्हणाले, "असंच ठेवायचं, नाहीतर डोक्यावर बसतात." मला बरं वाटलं, आबा. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

संध्याकाळी आई डबा घासताना म्हणते, "झाकणाला पोचा कसा आला हो?" तुम्ही म्हणता, "पडलं हातातून." मी तिथेच बसलेली आहे, वर्तमानपत्र वाचते आहे.

काँक्रीट मात्र तुम्ही असं टाकलंत की मी पुढे तसं फार कमी वेळा बघितलं. तुकड्या-तुकड्यांत, सांधे सोडून, एका सुरात. मग वर मातीचे छोटे बांध घालून वाफे केलेत, शेतात करतात तसे, आणि त्यात पाणी भरून ठेवलंत. दुसऱ्या कामावर जायच्या आधी पहाटे एकदा आणि परतताना एकदा, रोज जाऊन पाणी भरायचा. मधे दोन दिवस तुम्हाला ताप आला तेव्हा आईला पाठवलंत. "पाणी आटलं तर काँक्रीट फाटलं," हे तुमचं वाक्य. वस्तीतल्या विहाराचा ओटा तुम्ही असाच केलात. त्याच्यावर अजून रेघसुद्धा नाही, या वैशाख पौर्णिमेला मी मुद्दाम वाकून बघितलं.

पावसाळा अर्धाही झाला नव्हता आणि गिरणीच्या मागच्या भिंतीकडची जमीन वर आली. पत्र्याचं पाणी तिथेच पडायचं, खाली मुरायचं. दार अर्धं उघडून अडकायला लागलं, मधोमध अशी चीर गेली की तीत रुपयाचं नाणं उभं राहावं. शेठ म्हणाले, "मॅडम, माझी चक्की नाचते ना! दळण दळायचं का गरबा खेळायचा?" पण तोंडावर हसू नव्हतं, गिऱ्हाइकं परत चालली होती. साहेबांनी तुम्हालाही बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय कारण?" मी तुमच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "क्युअरिंग कमी पडलं असेल. मुकादमांनी पाणी नीट मारलं नाही." पाणी कमी मारलं तर बारीक जाळ्यासारख्या भेगा पडतात, जमीन अशी उचलत नाही. हे मला माहीत होतं, आणि तुम्हालाही. साहेब तुमच्याकडे वळले. तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. "व्हय साहेब. पाण्यात कमी पडलो मी." साहेब काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तुम्ही टोपीकडे बघत उभे होता. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

त्या दिवशीचं जेवण मला आठवतं. पिठलं होतं. तुम्ही आईला एवढंच सांगितलंत की मुलुंडचं काम बिघडलं, पाणी कमी पडलं म्हणतात. आईने हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली. "कोण म्हणतं? कुठल्या तोंडानं म्हणतं? दोन दिवस मी स्वतः भरलंय पाणी, घोट्याएवढं! त्या साहेबाला आणा माझ्यापुढं. तू होतीस ना गं तिथं? तू काही बोलली नाहीस?" मी घास तोंडात घातला. तुम्ही म्हणालात, "भाकर करपायली बघ. जेवू दे तिला, दिवसभर उभी असती." मग माझ्या ताटात पिठलं वाढलंत, तुमच्या हातानं. आई अजून त्या साहेबाला शिव्या देते. आजसुद्धा फोनवर काम कसं चाललंय विचारलं आणि लगेच म्हणाली, "त्या मेल्यासारखी खोटी माणसं भेटत नाहीत ना आता?" मी नाही म्हटलं.

त्यानंतर साहेबांच्या कुठल्याच साइटवर तुम्हाला काम मिळालं नाही. मुकादमी सुटली. तुम्ही भांडुपच्या चाळींत मोऱ्या दुरुस्त करायचा, ओटे करायचा, एकटेच. घरी मला तुम्ही तोवर गमतीने मॅडम म्हणायचा, ते बंद केलंत. परत "माय" म्हणायला लागलात. मला वाटायचं कधीतरी आपणहून विषय काढाल. तुम्ही काढला असता तर मी रडले असते आणि सुटले असते. तुम्ही काढला नाहीत, आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये मी तीन दिवस तुमच्या उशाशी बसून होते तेव्हा मीही काढला नाही. तुमची नखं कापली.

काल शेठचा फोन आला. आता ते म्हातारे झालेत, आवाज तोच. जमीन आता शेवटी फोडतोय, तुम्ही एकदा येऊन बघाल का, म्हणाले. साहेबांची कंपनी कधीच बंद झाली, माझा नंबर त्यांच्याकडे राहिला होता. मी गेले. कामगारांनी मधली जमीन फोडून ठेवली होती. वर आपलं काँक्रीट, कापलेल्या कडेला अजून घट्ट, खडी हाताने सुटत नव्हती. खाली वीतभर मुरूम. आणि त्याखाली ती काळी माती, भेगाळलेली. मी खाली बसून एक ढेकूळ पिशवीत घेतलं. शेठ स्टूलवर बसून बघत होते. मी त्यांना सांगितलं, "शेठ, तेव्हा माती काढायला हवी होती. क्युअरिंगचा काही संबंध नव्हता. मी चुकीचं सांगितलं होतं." त्यांनी मान हलवली, जणू त्यांच्यासाठी ते जुनं झालं होतं. म्हणाले, "अरे, तो मुकादम काय माणूस होता! तुम्ही लोक गेलात ना, त्यानंतर एक रविवारी एकटाच आला. भर पावसात. मागच्या भिंतीला लागून बाहेरून काँक्रीटचा उतार करून दिला, पत्र्याला पन्हळ लावली. म्हणाला, शेठ, पाणी भिंतीपासून लांब ठेवा, मग ही एवढी उचलणार नाही. मी म्हटलं, तुझं काम खराब झालं म्हणून आलास काय? तर म्हणतो, माझं नाही शेठ, घरचं आहे. मला काय समजलं नाही. पण त्या उतारावर एवढी वर्षं निघाली बघा."

मी मागे जाऊन तो उतार बघितला. कडेला तुमची थापी फिरल्याची खूण आहे, तुम्ही शेवटी काढायचा तशी, अर्धगोल. रविवार म्हणजे तुम्ही मला सांगितलं असणार, विहारात जाऊन येतो.

परत आले तेव्हा शेठनी विचारलं, "कुठे असतो तो आता? बोलवा ना त्याला. तुमच्या ओळखीचा होता ना? कोण होता तो?" दुपारची वेळ, कामगार घमेली उपडी घालून सावलीला बसले होते, कुणाला कसली घाई नव्हती. तिथे साहेब नव्हते, नोकरी नव्हती, मला कुणाची भीती नव्हती. मी म्हटलं, "होते एक. गेले." शेठ हळहळले, त्यांनी हात जोडले. मी पिशवी उचलली आणि निघाले.

हे कुठे पाठवायचं नाहीच. मातीबद्दल मी कबूल केलं, ते सोपं होतं. तुम्ही माझे कोण, ते कालही नाही सांगितलं.

ऊन गेलं. मी आत्ता उठून झाकण आत आणलं. माती काठापासून सगळीकडून सुटली आहे. पेन्सिल घालून बघितली, ती उभी राहिली. मग माती परत पिशवीत ओतली, झाकण राखेने घासलं, पोचा आलेल्या काठात अडकलेली माती काडीने काढली, आणि डब्यावर लावून बघितलं. अजून बसतं, फक्त एका बाजूने जरा दाबावं लागतं.