वाचक नंबर चार

सुदामा नगर, इंदूर

…पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवले होते, दूध उतू जायच्या बेतात होतं आणि मी ह्यांचा कोट उन्हात टाकत होते (तीन वर्षं झाली, तरी त्याला कसर लागू देत नाही, द्यायचा कुणाला तेही ठरत नाही), तेवढ्यात वाचनालयातून फोन आला.

पण थांबा, अरुंधतीवन्सं, आधी नमस्कार करते. नाहीतर म्हणाल, भावाच्या माघारी मंगला रीत विसरली. तर सादर नमस्कार. गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेल्या डोळ्याला बारीक अक्षर दिसायला लागलं का? (लागलं असेल तर आनंदच आहे, पण उगाच ताण देऊ नका. असं का म्हणते ते पुढे येईल.)

तर फोन. आपल्या वाचनालयाची जुनी मराठी पुस्तकं आता इंटरनेटवर चढवणार आहेत आणि त्यासाठी निशांत नावाचा एक तज्ज्ञ नेमला आहे. इथलाच आहे, आजोबा मिलमध्ये होते. मराठी हिंदीत घोळवून बोलतो. म्हणाला, ‘आजी, आपण ना युजर समजून घेऊन राहिलोय. मतलब, कोण काय वाचणार. तुम्ही बुधवारी येऊन जा, बस, टेन्शन नको.’ मी युजर आहे हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. दूध तोवर उतू गेलं होतं.

गेले. सभागृहात बरेच सभासद जमले होते. भिंतीवर चार कागद लावले होते, प्रत्येकावर एक मनाने रचलेला वाचक, चित्रासकट. पहिला संशोधक, त्याला दाढी. दुसरी विद्यार्थिनी. तिसरा परदेशात राहणारा नातू. आणि चौथी मी, म्हणजे अंबाडा घातलेली एक विनाकारण हसणारी बाई. खाली लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ वाचक. आवड: भजनं, पाककृती. अडचण: मोबाइलची भीती.’ वन्सं, भजनाला मी तुमच्याबरोबर एकदाच आले आणि झोपले, हे तुम्हीच गावभर सांगितलंत. मी निशांतला विचारलं, दुपारी पंख्याखाली डुलक्या घ्यायला येतात ते वाचक कुठल्या कागदावर आहेत? निम्मी हजेरी त्यांचीच असते. त्याने ते वहीत लिहून घेतलं. (खरंच लिहून घेतलं. तिथेच मला तो आवडला.)

मग त्याने माझ्या हातात पाटीएवढा मोबाइल दिला आणि आवडीचं पुस्तक शोधायला सांगितलं. नाव टाका, लेखक टाका, विषय टाका. आता नावं मला कुठली आठवायला! मी म्हटलं, तिसरं कपाट, खालून दुसरा खण, ज्याच्यावर चहा सांडलाय ते. बिचारा म्हणाला, ‘आजी, चहाचा फिल्टर नाही टाकलाय अजून.’

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग अध्यक्ष श्रीकृष्णराव उठले. फोटो काढण्याआधी पुस्तकं साफ करणार, म्हणाले, समासातली सगळी शिसपेन्सिल खोडून. कुणीतरी चाळीस वर्षं वाचनालयाची पुस्तकं रंगवून ठेवली आहेत आणि जगाला आपण घाणेरडी पानं दाखवणार नाही.

माझ्या हातातला चहा तिथेच निवला. वन्सं, तुम्ही सासरी होतात, म्हणून हे तुम्हाला ठाऊक नाही. आमचं सभासदत्व एक आणि पुस्तक एक. हे सकाळी वाचायचे, मी दुपारी. माझी शाळा सातवीत सुटलेली, अडलं तर विचारणार कुणाला? सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती (तुमच्याच आई, तुम्हाला काय सांगू). म्हणून मी समासात प्रश्न लिहायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारी ह्यांचं उत्तर असायचं. काही वर्षांनी मी उत्तरं द्यायला लागले आणि त्यानंतर वाद घालायला. सासूबाई गेल्यावरही सवय सुटली नाही. लोक म्हणतात, बाळकृष्णराव आणि मंगलाबाई कधी भांडले नाहीत. भांडलो. सगळं तिसऱ्या कपाटात आहे. ह्यांच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच आहे, आणि तेच खोडायला निघाले होते.

मी उभी राहिले आणि म्हटलं, निम्मी घाण माझी आहे. श्रीकृष्णराव म्हणाले, ‘काहीतरीच काय वहिनी! बाळकृष्णराव केवढे शिस्तीचे!’ मग पुराव्यासाठी मी ते चहाचं पुस्तक कपाटातून काढलं आणि हाताला लागलं ते पान मोठ्याने वाचलं. चूक झाली ती इथे. आधी मनात वाचायला हवं होतं.

हे: ‘नायिका मूर्ख आहे.’

मी: ‘तिला नणंद नाही. तिला परवडतं.’

हे: ‘ताई रविवारी जाणार आहे. धीर धर.’

सभागृह हसलं. निशांत तर खुर्चीवरून उठलाच. ‘अरे भिया, ये तो सोना है!’ असं तो श्रीकृष्णरावांना म्हणाला. अध्यक्षांना भैयाचं ‘भिया’ करून हाक मारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने चौथा कागद भिंतीवरून काढला, भजनं खोडली आणि लिहिलं, ‘समासात भांडणारी.’ ज्याला कोरं पान हवं त्याला कोरं दिसेल, ज्याला भांडण हवं त्याला बटण दाबून भांडण दिसेल, असं करता येतं म्हणे. श्रीकृष्णरावांनी शेवटी मान डोलावली, पण एका अटीवर. ती खाली लिहिते.

बाकी क्षेम. गुडघ्याला जपा.

तुमची,
मंगला

ता. क. अट अशी, की समासात ज्यांचा उल्लेख आहे त्यांची लेखी परवानगी हवी, नाहीतर खोडरबर. उल्लेख तुमचा एकटीचाच आहे. सत्तावीस ठिकाणी. फॉर्म सोबत जोडला आहे, खुणेच्या जागी सही करा. फार वाचत बसू नका, डोळ्याला त्रास होईल.

आणखी एक. ह्यांच्या तेराव्याला आला होतात तेव्हा गाडीत वाचायला म्हणून एक लाल पुठ्ठ्याचं प्रवासवर्णन नेलंत, ते वाचनालयाचं आहे. ह्यांनी वाचलेलं शेवटचं. पान सत्याऐंशीवर डोंगरातल्या एका गावाचं वर्णन आहे, त्याच्या शेजारी ह्यांनी लिहिलंय, ‘जायचं का इथे?’ मी ते पाहिलं होतं, उत्तर लिहायचं राहिलं. तेवढं पुस्तक रजिस्टर पोस्टाने परत पाठवा. (पान नव्वदवर तुम्ही आहात. ते उघडू नका.)

सभा बुधवारी झाली. दुसऱ्या दिवशी मी सियागंजच्या ठोक बाजारात गेले आणि एक शिसपेन्सिल मागितली. डझनाखाली देत नाही म्हणाले. डझन घेऊन आले.