पालथा मग

१२ डिसेंबर १९९३, रविवार
मेहबूबला जाऊन चाळीस दिवस झाले. गुलमंडीवरचं त्याचं शिलाईचं दुकान आता मुलगा बघतो, सलीम. त्याच्याकडे जेवण होतं, जाऊन आलो. म्हणाला, "चाचा, सोळा तारीख को अकेलेच बैठेंगे क्या?" म्हटलं, बैठेंगे. दुसरं काय.

१६ डिसेंबर, गुरुवार
बैठक झाली. बैठक कसली, मी आणि चार मग.
एकाहत्तरला लढाई थांबली त्या दिवशी आम्ही उरलेल्या तिघा जवानांनी ठरवलेलं. दरसाल याच तारखेला एकाच्या घरी बसायचं. म्हणून प्रत्येकाकडे इनॅमलचे चार मग, बुडावर खिळ्यानं कोरलेली नावं. जिवंत असेल त्याचा उभा, गेला त्याचा पालथा. शिवाचा पहिल्या वर्षापासून पालथा. तो तिकडेच राहिला, कालव्यापाशी.
आज मेहबूबचा पालथा घातला. हात अडला जरा. रमच्या बाटलीला कधी शिवला नाही गडी, डिसेंबरच्या थंडीत गुलाबाचं सरबत प्यायचा. आम्ही लई पिडायचो.
वामनचा मग उभा, रिकामा. त्यानं येणं सोडून पंधरा वर्षं झाली. सौ. म्हणाली, "मांडता कशाला तो?" गेलेल्या दोघांच्या नावानं घोट घेतला. कडू लागला.

२ जानेवारी १९९४, रविवार
सलीम आला होता. सहज बोलून गेला. "अब्बा हर साल सोळा तारीख को पैले वामनचाचा के घर जाते थे. उधर चाय पीके फिर आपके साथ बैठते."
मला कधी बोलला नाही मेहबूब. वामन काय म्हणायचा, विचारलं.
"कुछ नहीं. बस पूछते, किसन कुछ बोला क्या."

३ जाने.
झोप नाही. लिहून टाकतो एकदाचं.
अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या गावात पेटलं, वामनच्या वस्तीवर जमाव आला, भरदुपारी. वामनची बायको पोर कडेवर घेऊन आमच्या दारात. "किसनभाऊजी, कडी काढा." मी आतच होतो, दाराला टेकून. गोळीला न भ्यालेला माणूस चार गाववाल्यांना भ्याला. ती ओढ्यानं पळाली, वाचली, पोरही वाचलं. घर जळालं. पुढं वामन शहरात आला. मीही आलो, कारखान्याच्या गेटवर नोकरी लागली म्हणून. कधी समोर दिसला तर मी रस्ता बदलायचो.

१४ जाने., शुक्रवार, संक्रांत
दुपारची पाळी. विद्यापीठाच्या नावाचं जाहीर झालं. बाबासाहेबांचं नाव लागलं एकदाचं. कामगारांनी गेटवर पेढे वाटले. काहींनी घेतले, काही खाली बघत निघून गेले. मी घेतला. खिशात ठेवला, खाल्ला नाही.
घरी आलो तर सौ.नं तिळगुळाची डबी भरून ठेवलेली. कुणासाठी ते बोलली नाही.

१६ जाने., रविवार
गेलो. सायकलवर.
वामन ओट्यावर होता. केस पांढरे झालेत. "ये," म्हणाला. त्याच्या बायकोनं पाणी दिलं.
आत फळीवर मग मांडलेले. एक उभा, तीन पालथे. शिवा, मेहबूब. तिसऱ्याचं बूड वाचायची गरज नव्हती.
बसलो नाही, उभ्यानंच बोललो. "त्या दिवशी मी घरात व्हतो वामन. वहिनीचा आवाज ऐकला. कडी काढली नाय."
"ठावं हाय. हिला दाराखालून तुझे पाय दिसले व्हते."
मग तोच म्हणाला, "एवढं बोलायला पंधरा वर्षं लागली व्हय रं?"
डबी पुढं केली. "मला नगं," म्हणाला. "दार तिनं वाजवलं व्हतं."
वहिनींना दिली. त्यांनी घेतली, उघडली नाही, फळीवर ठेवली. चहा आला, कपबशीत. मगांना कुणी हात लावला नाही.
निघताना डबीकडे पाहिलं असेल मी.
"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "रिकामी झाली का न्यायला या."
कधी रिकामी होईल, विचारायचं धाडस झालं नाही.