पंचमीची भरती

खांदा कॉलनी, पनवेल
जानेवारी २०१२

ती. गुणाआत्येस चारूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? आठ दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (फाडायच्या आधी एकदा वाच.)

प्रांजलच्या होणाऱ्या सासरच्यांना तुझ्याकडे मोऱ्याला जेवायला आणताना काय झालं, ते गावाने तुला सांगितलंच असेल, पण गाव मीठमसाला लावून सांगतं. भरतीची वेळ मी आदल्या दिवशी इंटरनेटवरून छापून घेतली होती, सकाळी सव्वादहा. पुण्याच्या पाहुण्यांना होडीची हौस, म्हणून रस्ता सोडून भाऊच्या धक्क्यावरून निघालो. तिथे होडीवाला म्हणाला, पाणी उतरतंय. मी कागद दाखवला. (रंगीत होता.) छापील म्हटल्यावर बिचाऱ्याने होडी सोडली, आणि मोऱ्याचा धक्का हाकेवर आला असताना होडी चिखलात रुतली. ते आकडे म्हणे विलायतेच्या घड्याळाचे, त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. तेवढ्यात भरतीची ओहोटी होते. त्या दिवशी पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे पावणेचार, हे तू मला शाळेत जायच्या आधी शिकवलंस. मी बीएस्सी झालो आणि विसरलो.

अडीच तास बसलो. विहीणबाई (अजून व्हायच्या आहेत) पैठणी सावरून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आणि प्रांजल दुसऱ्या टोकाला गप्पा मारत होती, त्यांनाच काय ती घाई नव्हती. तू धक्क्यावर भर उन्हात उभी राहून हात करत होतीस. मी पाण्याकडे बघत असल्यासारखं केलं, पाणी नसताना. होडी तरंगली तेव्हा त्यांच्या पुण्याच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून तशीच माघारी वळवली. तुझी पापलेटं, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं राहिलं.

येत्या रविवारी आमच्याकडे प्रांजलचं लग्न पक्कं करायची सुपारी आहे. राग गिळ आणि ये.

तुझा चारू

ता. क. प्रांजलने सांगून टाकलंय, आत्याआजी नाय आली तर सुपारी नाय. ती ऐकणारी नाही, तुझ्यावर गेली आहे.

ता. क. २. इंटरनेटचा एवढा दोष नाही. कागद छापायच्या आधी वेळ विचारायला मी तुला फोन लावला होता, आणि तू उचलायच्या आत बंद केला. पुण्याची माणसं शेजारी बसली होती. तुझ्याशी बोलायला लागलो की मीही गावचं हाय-नाय बोलतो, त्याची मला लाज वाटली. त्यांना मी 'ओळखीच्यांकडे जेवण आहे' एवढंच सांगितलं होतं. होडीत विहीणबाईंनी विचारलं, त्या उन्हात उभ्या आहेत त्या कोण? मी ऐकलं नाही असं दाखवलं. चुकलो, आत्या. आई गेल्यावर मला वाढवलंस तू. रविवारी तू आलीस की त्यांना सांगायचंय, ही माझी आई.