भावोजींचे चार दिवस आणि खाऱ्या पाण्याची टाकी

श्री

सौ. थोरल्या जाऊबाई यांस,
धाकट्या जावेचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल आहेत, त्यात मासेही आले. तुमचे गुडघे कसे आहेत? मागे तुम्ही जिना उतरताना आवाज येतो म्हणाला होतात, तो जिन्याचा की गुडघ्याचा याचा काही उलगडा झाला का? तेल कोमट करून लावत जा, आणि वाटीत उरलेलं टाकू नका, दुसऱ्या दिवशी तेच चालतं. तुमच्यासाठी मी रोज एक माळ जास्त ओढते (भावोजींसाठीही ओढते, पण तिचं कारण निराळं आहे).

घरात फोन असताना ही बाई कागद का काळे करते असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर टाकी हा शब्द निघाला की तुमच्या बाजूने खट्ट आवाज येतो, आणि आमच्या बाजूला भावोजी फोनशेजारीच बसलेले असतात, वर्तमानपत्र उलटं धरून. त्यामुळे इकडची हकिकत तुमच्या कानावर सलग अशी कधी गेलीच नाही. आज ते केस कापायला गेले आहेत, तेवढ्यात पहिल्यापासून लिहून काढते.

तुमच्या दोघांचं जे झालं त्यात मी पडत नाही. एवढंच कळलं की निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीतलं तुमचं शिलाई मशीन हलवून तिथे काचेची टाकी मांडायचा हुकूम सोडला, आणि तुम्ही म्हणालात की या घरात समुद्र तरी राहील नाहीतर मी तरी. त्यापुढचं आम्ही डोळ्यांनीच पाहिलं. बेल वाजली, दारात भावोजी, हातात कपड्यांची पिशवी, आणि मागे टॅक्सीवाला टाकी लेकरासारखी छातीशी धरून. "चार दिवस आलोय," म्हणाले. हे म्हणाले, "दादा, घर तुमचंच आहे." जाऊबाई, असलं वाक्य माणसानं जपून बोलावं. काही लोक ते खरं धरतात.

भावोजींनी ते संध्याकाळच्या आतच खरं धरलं. खिडकीजवळची यांची खुर्ची त्यांची झाली, हे स्टुलावर गेले. आंघोळीला पहिला नंबर त्यांचा. टॉवेलची घडी तीन पदरी घालतात की चार पदरी, हे मला संसाराला इतकी वर्षं झाल्यावर नव्याने शिकावं लागलं (चार पदरी, आणि दुमड भिंतीकडे). थोरले आहेत, चालायचंच. जन्मभर सगळं ऑफिस ज्यांच्या भुवईकडे बघून चाललं त्यांना आमचं दोन खोल्यांचं घर म्हणजे काय, एका फायलीएवढं. टाकीचं मात्र वाईट वाटलं. बैठकीत धड असा एकच प्लग, तो देवाच्या कोपऱ्यात. म्हणून टाकी देवाशेजारी. मी डोळे मिटून जपाला बसले की कानात पंपाची घुरघुर. पहिले काही दिवस मला वाटायचं, हेच शेजारी येऊन झोपलेत.

पण त्यांनी एक शब्द दिला होता, तो मी पदराला गाठ मारून ठेवला. टाकी लागली, पहिला मासा रुळला, की मी निघालो. मॅट्रिकला माझं गणित चांगलं होतं. मी हिशेब केला: आज मासा आणायचा, उद्या तो रुळणार, परवा भावोजी तुमच्याकडे. म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर दुकानात गेले.

दुकान एका बाईंचं आहे. चारी बाजूंनी टाक्या, मध्ये त्या, आणि मान कायम मोबाइलमध्ये. वर न बघताच त्यांनी विचारलं, "टाकी कधी लावली?" भावोजी म्हणाले, काल. "मग आज मासा मिळणार नाही." आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटला. तो फार टिकला नाही, कारण माशाऐवजी काय न्यायचं ते त्यांनी सांगितलं. मीठ आणि दगड. मी म्हटलं, मीठ आमच्या घरी आहे. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "काकू, ते तुम्ही भाजीत घाला." समुद्राचं म्हणून वेगळं मीठ असतं आणि ते कुठल्या भावाने मिळतं हे मी इथे लिहीत नाही, तुमचं ब्लडप्रेशर आहे. दगडही वजनावर. जिवंत दगड म्हणतात त्याला. तो ओलाच तोलतात, म्हणजे आपण पाण्याचेही पैसे देतो. मी त्यांना म्हटलं, जरा झटकून घ्या. त्यांनी झटकला नाही.

त्यातलं मला समजलं ते असं. दगडाच्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते माशांची घाण खातात. ते वाढायला महिनाभर लागतो, त्याआधी मासा सोडला तर तो आपल्याच घाणीत मरतो. तेव्हा महिनाभर टाकीत नुसतं पाणी. भावोजींनी खुर्ची वळवून टाकीकडे तोंड केलं आणि ते त्या पाण्याकडे बघत बसू लागले. आल्यागेल्याला दाखवायचे. शेजारच्या मास्तरीणबाई येऊन चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या, मग अदबीने म्हणाल्या, "छान आहे. कुठे आहे?"

पाणी खारं करायचं कामही सोपं नाही. शुद्ध केलेलं पाणी आणायचं, त्यात मीठ ढवळायचं, मग एका नळीने खारटपणा मोजायचा. मी म्हटलं, जन्म मीठ घालण्यात गेला, मला नळी कशाला. बोट बुडवून चाखलं आणि ठासून सांगितलं की जास्त झालं. नळी म्हणाली, बरंच कमी आहे. त्या दिवशी भाजी वाढल्यावर भावोजींनी ती आधी चाखून पाहिली.

आता जे लिहिते ते मनाला लावून घेऊ नका. महिना भरत आला आणि दगडांवर तपकिरी शेवाळ धरलं. काचेवरही तेच. आणि हे सगळं देवाशेजारी. मला काही ते बघवेना. त्या दिवशीही भावोजी केस कापायलाच गेले होते. मी दगड बाहेर काढले, कढत पाणी घेतलं आणि ब्रशने असे घासले की पायरीला बसवावेत (साबण लावला नाही, तेवढी अक्कल मला होती). भावोजी आले, त्यांनी टाकी पाहिली, आणि टोपी डोक्यावर तशीच ठेवून खाली बसले. दुकानवाल्या बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. दगडांतले जीव सगळे मेले, आता पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे भावोजींचा मुक्काम आणखी महिनाभर. त्या दिवशी देवापुढे बसले खरी, पण गाऱ्हाणं तरी कुणाचं घालणार? ब्रश माझ्याच हातात होता.

तोही महिना गेला. पाण्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघून झाले आणि बाईंनी मासा न्यायची परवानगी दिली. त्यांनी दाखवली ती नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. देखणी, पण किंमतही देखणी. माझी नजर शेजारच्या टाकीत गेली. अंगठ्याएवढा निळाभोर मासा, आणि दुकानात सगळ्यांत स्वस्त. मी विचारलं, "हा लवकर मरतो का?" बाई म्हणाल्या, "हा? हा कशानंच मरत नाही." मग आणखी काय पाहिजे. "पण काकू, याला सगळ्यांत शेवटी सोडायचं असतं. आधी गेला तर अख्खं घर आपलंच समजतो." मला वाटलं, या महागाची जोडी खपवायला बघताहेत. भावोजीही एकदाचे माझ्या बाजूने बोलले, म्हणाले, पाणीदार आहे. तर असा आमचा फौजदार घरी आला.

तासाभरात रुळला. मी आनंदाने भावोजींच्या शर्टांना इस्त्री करायला घेतली. तर भावोजी म्हणतात, एकट्याला करमायचं नाही त्याला, ती नारिंगी जोडी आणू. इस्त्री बंद केली (वीज फुकट येत नाही). जोडी आली, आणि फौजदाराने असा काही धुमाकूळ घातला की बघवेना. हा दगड माझा, तो दगड माझा, पंपाची बाजू माझी, खाणं पडतं तो कोपराही माझा. नारिंगीतला धाकटा हीटरच्या मागे जाऊन उभा राहिला तो बाहेर येईना. थोरलीचं शेपूट कुरतडलेलं. भावोजींचं जेवण तुटलं. एकदा तर खिडकीतल्या खुर्चीवरून उठून काचेवर टिचकी मारून मोठ्याने म्हणाले, "अरे, घर काय तुझ्या एकट्याच्या बापाचं आहे का?" मी भाजी चिरत होते, चिरतच राहिले. हे मात्र स्टुलावर बसून बराच वेळ खोकत होते.

शेवटी दुकानवाल्या बाईंनी उपाय सांगितला. फौजदाराला पकडायचं, भोकाच्या डब्यात घालायचं आणि डबा टाकीतच लटकवून आठवडाभर तसाच ठेवायचा. तेवढ्यात आतले सगळे दगड हलवायचे, इकडचा तिकडे. मग सोडायचं. बाहेर आल्यावर त्याला आपला म्हणून एकही कोपरा ओळखू येत नाही, आणि बाकीचे तोवर घरचे झालेले असतात. डब्याचे पैसे नकोत म्हणून मी भाजी धुवायची चाळणी दिली. आठवडाभर तो भोकांतून बघत होता आणि जोडी त्याच्यासमोर फिरून फिरून खात होती. सोडलं तेव्हा काचेपाशी नुसता उभा राहिला. मग हळूच जाऊन पंपाच्या मागची एवढीशी जागा धरली. अजून तिथेच असतो, कुणाच्या वाटेला जात नाही. कधी चुकून थोरलीच्या दगडापाशी गेला तर ती एकदाच वळून बघते, की हा परत. (या जातीत मोठी ती बाई असते आणि तिचंच चालतं. हे मला भावोजींनीच सांगितलं, आणि सांगून वर्तमानपत्र उघडलं, उलटंच.)

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तिकडून काही फोन?" मी म्हटलं, नाही. "गुडघ्याचं काय म्हणत होती ती?" मी म्हटलं, आवाज येतो म्हणत होत्या. "उतरताना की चढताना?" मी म्हटलं, उतरताना. मग तोंड टाकीकडे केलं ते जेवायला हाक मारेपर्यंत. पण आपण होऊन निघतील म्हणाल तर नाव नको. मासे रुळले, शब्द पुरा झाला, तर आता म्हणतात गोगलगाय आणून पाहायची आहे.

असो. मासे बरे आहेत एवढं कळवायचं होतं, त्यासाठी एवढा कागद गेला. गुडघ्यांना जपा. लोभ असू द्यावा.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. विचारायचं होतं ते राहूनच गेलं. तुमच्या बैठकीतलं सामान तुम्ही हलवलं आहे का? नसेल तर मी वडीलकीचा मान ठेवून सुचवते, हलवा. त्यांची आरामखुर्ची उजेडाच्या जागेवरून काढून आतल्या खोलीच्या दाराशी ठेवा, तिथे मशीन मांडा. कपाटाचा त्यांचा कप्पा बदला. चहाचा कपही दुसऱ्या खिळ्याला टांगा. आणि मग येत्या रविवारी स्वतः या आणि त्यांना घेऊन जा. चाळणीत पुरेसे दिवस झाले आहेत. दारात उभं राहून "कुठे बसू?" असं विचारतील, तेव्हा लगेच उत्तर देऊ नका.

ता. क. २. हे मी करून पाहिल्याशिवाय लिहीत नाही. परवा आमच्याकडच्या खुर्च्या मी उलटसुलट केल्या. हे चहा हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "इथे बसलो तर चालेल ना?" लग्न झाल्यापासून मला हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकू आला. भावोजी स्टुलावर बसले आणि टॉवेलची घडी स्वतः घातली. तीन पदरी.

ता. क. ३. टाकी बरोबर नेतो असं म्हणतील. तुम्ही आधी म्हणाला होतात तसंच ठाम नाही म्हणा, अजिबात माघार घेऊ नका. ती देवाशेजारी बरी आहे. मी जपाला बसले की थोरली काचेपाशी येते, पंपाचा आवाज बंद पडला तर आता माझी माळ चुकते, आणि फौजदार माझ्याच हातून खातो. जमाखर्चात या सगळ्यांना मी इतके दिवस 'पाहुणे' या सदरात घालत होते, या महिन्यापासून 'घरची माणसं' मध्ये घेतलं आहे. तेव्हा रविवारी येताना एक मिठाची पिशवी आणाल का? तुमच्या बाजूच्या दुकानात थोडी स्वस्त मिळते असं कळलं. भाजीतलं नव्हे, समुद्राचं. पैसे लगेच देईन, पावती मात्र आणा.