जावयाचा मासा

शनिवार, १ एप्रिल १९६१

मासेमारीचा मोसम उघडला. नदी गढूळ, वारा पूर्वेचा, आणि जावई लीड्सहून नव्या कोऱ्या रबरी बुटांत हजर! बूट असे चकचकीत की माशांनी त्यांत बघून भांग पाडावा.

हा दातांचा डॉक्टर. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घालतोय, तेवढीच वर्षं माझ्या विनीचा नवरा आहे, आणि अजून मला ‘मिस्टर सन्टर’ म्हणतो. नाव लायोनेल. असं नाव ठेवल्यावर पोराचं दुसरं होणार तरी काय! हात पांढरे, मऊ, साबणाचा वास मारणारे. गुरांच्या बाजारात मी चाळीस वर्षं लिलाव पुकारला. माणसाचे हात पाहून सांगतो, गडी कामाचा की नुसता बोली वाढवायला आलाय.

पण करतो काय! जानेवारीत मला सत्तरी लागली. या पाण्यावर क्लबाच्या बाराच काठ्या, म्हणजे बाराच सभासद. सत्तरी लागली की त्या वसंतात काठी सोडायची, हा नियम. घरातल्या एकाचं नाव देता येतं. त्याने मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत, क्लबाच्या पंचासमोर, गळावर पिसं बांधून केलेल्या माशीवर पौंडभराचा ट्राउट धरून दाखवायचा. धरला, की त्याच संध्याकाळी काठी त्याची, आणि म्हाताऱ्याने पुन्हा या पाण्यात दोर टाकायचा नाही. नाही धरला, तर दोघंही बाहेर. काठी रांगेतल्या पुढच्या माणसाला. आजोबांपासून ती सन्टरांकडे आहे. मला मुलगा नाही, भाऊ नाही. आहे तो हा दातवाला.

आणि रांगेत पुढे कोण? कॅप्टन पेलम! युद्धात बटाट्याची पोती मोजली, मिशा मात्र सेनापतीच्या.

रविवार, २ एप्रिल

ईस्टर. चर्चमध्ये पाद्री पुनरुत्थानावर बोलला. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्याची तातडीने गरज होती.

दुपारी दातवाल्याला नदीवर नेलं. दोर कसा फेकायचा ते दाखवलं — कोपर बरगडीला, मनगट घट्ट, काठी मागे गेली की थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. शहरी माणसाला तेच जमत नाही.

त्याने फेकला. बरा पडला. नवशिक्याचं नशीब. मी रेशीम आणि तित्तिराची पिसं गुंडाळून बांधलेली माशी, म्हणून वाहत्या पाण्यावर नीट बसली. आणि लगेच मासा वर आला! चांगला, दीड पौंडाचा तरी. माशी तोंडात घेतली — आणि या पठ्ठ्याने काठी उचलली तोवर मासा माशी थुंकून गेलासुद्धा.

“सुटला, मिस्टर सन्टर.”

“मला डोळे आहेत,” मी म्हटलं.

शनिवार, ८ एप्रिल

पाऊस. विनी म्हणाली, “डॅड, आज राहू दे, तुमचा गुडघा —” गुडघा माझा आहे, मी बघतो. गेलो. दातवाला माझा हात धरून मला पाण्यात उतरवायला बघत होता. मी काय काचेचा आहे? हात झटकला.

त्याच्याकडे तीन वेळा मासे आले. तिन्ही सुटले.

रविवार, १६ एप्रिल

काय दिवस! सकाळी ऊन पडलं, आणि दुपारी जेवणाच्या सुमाराला नदीतून मार्च-ब्राउनचे किडे वर यायला लागले. तपकिरी पंखांचे, सगळ्या पाण्यावर. वरच्या वळणापासून पुलापर्यंत मासे उसळत होते. टिटव्या ओरडत होत्या. पलीकडच्या कुरणात कोकरं. मी दोन धरले, दोन्ही छान. दुसऱ्याने मला ओढत खडकांपर्यंत नेलं. गुडघा विसरलो.

हा दातवाला मात्र काठावर काठी खाली ठेवून माझ्याकडे बघत बसलेला!

“तू का थांबलास?”

“बघतोय. पुन्हा एकदा दाखवा ना, ती तिरकी फेक.”

दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी. नंतर त्याने फेकला तेव्हा मासा आला, आणि सुटला. हे ठरलेलंच.

एक मात्र आहे. काठावर एवढी वाकडी-तिकडी झाडं, माझीच माशी आज तीनदा फांदीत अडकली, शिव्या देत काढावी लागली. याची एकदाही नाही. फांदीला लागते आणि सुळकन खाली येते. देव मूर्खांचा वाली असतो म्हणतात, ते झाडांच्या बाबतीत तरी खरं दिसतं.

सोमवार, १७ एप्रिल

ते लीड्सला गेले. घर सामसूम. दिवसभर माश्या बांधल्या. कुणासाठी? ज्याला एक मासा टिकवता येत नाही त्याच्यासाठी!

शनिवार, २२ एप्रिल

थंडी परतली. विनीने आल्याचा केक आणला, दातवाल्याने प्रश्न आणले. या दगडामागे मासा का उभा राहतो? ढग आला की काय होतं? आजोबांनी पहिला मासा कुठे धरला? बडबड! बोलता बोलता पुलापासून गिरणीपर्यंत चाललो. तेवढं चालणं मी दोन वर्षांत केलं नव्हतं. अर्थात त्याच्यामुळेच. तो इतका हळू चालतो की बरोबर चालणाऱ्याला दम लागत नाही.

त्याच्या काठीला माशी मी बांधून देतो म्हटलं, तर म्हणाला, “नको, गाठ माझी मीच मारतो. शिकलं पाहिजे.” पाठ करून, मान खाली घालून कितीतरी वेळ खुडबुडत असतो. एक गाठ मारायला! याच्या खुर्चीत बसणाऱ्यांची कीव येते.

रविवार, ३० एप्रिल

चार आले. चार सुटले. नाचता येईना अंगण वाकडं, असंही हा म्हणत नाही. नुसता हसतो. त्या हसण्याची चीड येते.

शनिवार, ६ मे

आज क्लबाच्या झोपडीत कॅप्टन पेलम भेटला. चहा ओतता ओतता म्हणाला, “सन्टर, तुमची ती वळणावरची जागा — तिथलं गवत मी जूनमध्ये कापून घेणार आहे. फेकताना आड येतं.”

जूनमध्ये! माझ्या जागेवरचं गवत! ते गवत ठेवलंय म्हणून तिथे मासे आहेत, हे त्या बटाटेवाल्याला कोण सांगणार?

मी म्हटलं, “मे अजून संपला नाही, कॅप्टन.”

“हो, हो. जावईबापूंची प्रगती ऐकतो मी.” आणि मिशीत हसला.

दातवाला बाजूलाच होता. कान लाल झाले, एवढंच. स्वाभिमान नावाची चीज या लीड्सवाल्यांच्या दुकानात मिळत नसावी.

रविवार, ७ मे

रात्रभर त्या गवताचाच विचार. खोटं कशाला लिहू — भीती वाटते. काठी गेली तर मी नदीवर कुठल्या तोंडाने जाऊ? पुलावरून बघायचं, पेलम माझ्या जागेवर उभा, आणि आपण पाव चघळत बसलेले म्हातारे. माझी बायको अ‍ॅडा गेली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी नदीवर गेलो होतो. लोक बोलले. बोलू देत. घरात बसवत नव्हतं.

शनिवार, १३ मे

हवा उबदार. कुंपणाची हॉथॉर्नची झुडपं फुलली. मी एक धरला, सोडून दिला, लहान होता. दातवाल्याचे दोन सुटले. त्याला सांगितलं, “हिसका जरा लवकर दे.” म्हणाला, “हो, मिस्टर सन्टर.” आणि पुढच्याला आणखी उशिरा दिला! मुद्दाम केल्यासारखं. इतकं वाईट करायलाही अक्कल लागते, ती याच्याकडे कुठली?

शनिवार, २० मे

आज सगळी लाज गेली.

पंच म्हणून आज जोवेट आला होता, औषधवाला. गोळ्यांच्या बाटलीतल्या कापसासारखा माणूस: असून नसून सारखा. त्याच्यामागे पेलम, ‘सहज आलो’ म्हणत. पुलाखाली मोठा ट्राउट, दोन पौंडांचा, वर येऊन येऊन किडे खात होता. दातवाल्याने गुडघाभर पाण्यात जाऊन दोर फेकला. कमानीच्या आत, वीतभर जागेत, माशाच्या नाकासमोर! माझ्या तोंडून ‘वा’ निघालं होतं, दाबलं.

मासा आला. माशी घेतली. खाली गेला.

आणि हा उभाच! जेव्हा काठी उचलली तेव्हा दोर रिकामा.

पेलम मोठ्याने म्हणाला, “तुमचा जावई माशांना माशी चाखवतो की काय, सन्टर? चव घ्या आणि जा!” जोवेट खो-खो हसला. कापूस हसला!

घरी येताना मी बोललो. सगळं बोललो. म्हटलं, “तुझ्याजागी गुराख्याचं कुत्रं उभं केलं असतं तर त्याने तोंडाने धरला असता. तीन पिढ्यांची काठी तू घालवणार. माझ्या मुलीने माणूस निवडताना काय पाहिलं देव जाणे.”

तो गाडी चालवत राहिला. विनी मागे बसली होती. म्हणाली, “डॅड, पुरे! तुम्हाला काही माहीत नाही.”

“मला माहीत नाही? या नदीबद्दल?”

“नदीबद्दल नाही म्हणत मी.”

दातवाला म्हणाला, “विनी, असू दे.”

जेवलो नाही.

सोमवार, २२ मे

व्हिट-मंडेची सुट्टी. वाटलं होतं येणार नाहीत. मी असतो तर आलो नसतो. पण सकाळी गाडी दारात! दातवाला हातात पोर्क-पाय घेऊन उभा, जसं काही झालंच नाही.

“नदी छान दिसतेय, मिस्टर सन्टर. दिवसभर राहायचं का आज?”

गेंड्याची कातडी! पण गेलो. संध्याकाळपर्यंत राहिलो. पाणी सोन्यासारखं झालं होतं. मला तीन मिळाले. शेवटचा धरला तेव्हा जाळीची झोळी त्याने धरली, आणि माशाला खाली सोडताना माझ्याकडे बघून म्हणाला, “हा तुमचा या वर्षातला सगळ्यात देखणा.” जसं काही त्याला कळतं!

याचं आज नेहमीपेक्षाही कमी लक्ष होतं. मोजून दोन-चारदा दोर टाकला. शनिवारी शेवटचा दिवस, आणि साहेब माझी झोळी धरतायत!

गुरुवार, २५ मे

कपाटातून आजोबांची जुनी टोपी काढून ब्रश केली. परत ठेवली.

शनिवार, २७ मे

धरला.

संध्याकाळ होत आली होती. जोवेट घड्याळ बघत होता, पेलम काठावर पाय पसरून बसला होता. दातवाला दिवसभर माझ्यामागेच. मी फेकतोय आणि हा उभा. शेवटी मीच ओरडलो, “अरे, आता तरी!” तेव्हा तो माझ्याजवळ आला, विचित्र नजरेने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुमचं झालं का? अजून एकदा टाकायचाय?”

मी म्हटलं, माझ्या टाकण्याने काय होणार आहे? जा!

मग पाठ फिरवून त्याने गाठ मारली. पाण्यात गेला. पुलाखाली, त्याच कमानीत, पहिलीच फेक. मासा आला. मनगट हललं फक्त. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली! तो मासा खाली-वर पळत होता, आणि हा न घाबरता, न घाई करता त्याला काठाशी आणत होता. दोन पौंडांना थोडा कमी. जोवेटने वजन केलं. पेलम उठला, पँट झटकली, निघून गेला. देवा, ते दृश्य!

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. इतके आठवडे झक मारली आणि शेवटच्या घटकेला लॉटरी लागली. तेच मी त्याला म्हटलंही. हसला. डोळे ओले होते त्याचे. माशासाठी रडणारा मासेमार पहिलाच पाहिला.

मग रीत झाली. क्लबाच्या झोपडीत सगळ्यांसमोर मी माझ्या दोराचं टोक कापलं आणि काठी भिंतीवर टांगली. रम दिली. मी घेतली नाही. काठी सन्टरांकडे राहिली, म्हणजे एका अर्थी. मला आनंद व्हायला हवा होता.

रविवार, २८ मे

ते सकाळीच गेले. आज नदीवर जायचं नाही. करायला काही नाही.

दातवाला माश्यांचा डबा टेबलावर विसरला. म्हटलं, विस्कटलेल्या पुन्हा बांधाव्यात. उघडला. पहिली उचलली — गळाला टोकच नाही. दुसरी — नाही. सगळ्या पालथ्या घातल्या. मी बांधलेल्या सगळ्या माश्या, एकीच्याही गळाला टोक नाही! मोडलेली नव्हेत, कापलेली. साफ, दातवाल्याच्या हत्याराने. एकच धड होती, ती काल त्या माशाच्या तोंडात होती.

विनीला फोन केला. डब्याचं सांगितलं. मग म्हणाली, “डॅड, तो हिवाळाभर तळ्यावर शिकत होता. मासा त्याने ईस्टरलाच धरला असता. तो म्हणाला, मी धरला की त्या दिवशी ते नदीबाहेर. मे संपेपर्यंत तरी असू देत त्यांना.”

मी म्हटलं, त्याला दे फोन.

“बोला, मिस्टर सन्टर.”

डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी विचारलं, “नीट पोचलास ना, पोरा?”