गाळाचं विरजण

तीर्थरूप आईस,
साबणाने दोनदा धुतलेल्या हातांनी नमस्कार.

आई, गॅस पेटला! साऱ्या शहराच्या मोऱ्या-संडासांचा गाळ आमच्या बंद टाकीत कुजतो ना, त्यातून निघालेला गॅस! ज्योत अगदी तुझ्या शेगडीसारखी निळी. आज आमचे पंप त्याच्यावर चालले. उरलेल्या गाळाचं खत होणार.

आधी महिनाभर टाकी ढिम्म होती. दुसऱ्या गावच्या चालू टाकीतला गाळ आणून मिसळला, तरी काही नाही. साहेबांचा रोज नवा हुकूम, आणखी गाळ सोडा, आणखी ढवळा. शेवटी मी म्हटलं, "साहेब, हे विरजण आहे. आमची आई म्हणते, ऊब द्यावी आणि सारखं हलवू नये." ते हसले, पण आठवडाभर टाकीला त्रास दिला नाही. आणि लागलं की गं!

माझी काळजी करू नकोस. जेवण वेळेवर होतं. बसमध्ये शेजारची जागा नेहमी रिकामीच राहते, त्यामुळे ऐसपैस बसते. बाबांचा गुडघा कसा आहे? माझा स्वेटर धाकटीनेच ढापलाय ना?

तिच्याकडून कळलं, मी पाणीखात्यात आहे असं तू शेजारच्या काकूंना सांगतेस. मी रागावले नाही. पण आता त्यांनी विचारलं तर सांग, "आमची थोरली विरजण लावते." कशाला, म्हणाल्या तर मान वर करून सांग, "आपण सगळे रोज सकाळी सोडून येतो ना, त्याला!"

आत्ताच डोक्यावरून न्हालेली,
तुझी थोरली