नववा लागलाय म्हणे!

१२ जानेवारी, सोमवार

म्हणे पोटुशीनं गावाची येस वलांडू नये! आणि कडाव ते कर्जत किरणच्या बाईकवर, दर खड्ड्याला पोट धरून जाते, तेव्हा कुठं जाते यांची येस?

शुक्रवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन, नागपूरला, दादाकडे. त्याआधी मला त्यांना एकदा बघायचंय. बस्स. डॉक्टर मॅडमनी तपासून चिठ्ठी दिली — एकतीस आठवडे, एकच बाळ, सगळं ठीक, विमानानं खुशाल जा. पट्टा पोटाखालून लाव, पाणी पीत राहा, मधेमधे पाय मोकळे कर. एवढं सांगूनही आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, एकच — "इमान वर ग्येलं का कळा सुरू व्हतात गं!" आणि किरण? नवरा असून मिठाची गुळणी धरून बसलाय.

१३ जानेवारी

बाबांचा फोन. आवाज किती खोल गेलाय! "कशाला दगदग करतेस, नको येऊ." म्हटलं, येणार म्हणजे येणारच! मग म्हणाले, विहीणबाईंना दे जरा. आई फोन घेऊन गोठ्यात गेल्या.

१५ जानेवारी, गुरुवार

विमान गेलं. मी इथंच!

आई विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला आल्या. विमान कंपनीची मुलगी माझ्यासाठी चाकाची खुर्ची घेऊन आली, तर तिला म्हणतात, "सांबाळून ने गं बाय, नववा लागलाय." तिनं आत जाऊन तेच सांगितलं! मी चिठ्ठी नाचवतेय — एकतीस आठवडे, वाचा ना! "पण घरचे नववा म्हणतात मॅडम, आमच्या डॉक्टरांना विचारावं लागेल." विचारेपर्यंत विमानाचं दार बंद. आजचं शेवटचंच होतं ते.

वर आई म्हणतात, "इसाब चुकला गं माजा." तीन म्हशींचे दिवस तोंडपाठ आहेत या बाईला! सुनेचेच बरे चुकले? लागलेला महिना मोजतात आमच्याकडे, मान्य. तरी आठवाच लागतो! तोंडावर म्हटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. बाबांना काही झालं तर जन्मात माफ करणार नाही. त्यांनी माझी बॅग उचलली आणि चालू लागल्या.

१६ जानेवारी

ऑपरेशन झालं. देव पावला. आईंशी बोलले नाही. त्यांनी आणून ठेवलेला चहा तसाच गार झाला.

२१ जानेवारी

बाबांना वॉर्डात आणलं. पहिला फोन मला. "विहीणबाईंवर राग धरू नको गं. मीच हात जोडले होते त्यांना — कायपण करा, पण पोरीला येऊ देऊ नका. मी टेबलावरच गेलो असतो तर? तसल्या पोटानं ते बघायला नको होतंस तू. आणि म्हटलं, माझं नाव सांगू नका."

काय काय बोलले मी त्यांना, वर सहा दिवस अबोला! एका शब्दानं उलटून बोलल्या नाहीत.

आई गोठ्यात आहेत. चहा घेऊन जाते.